मराठीत उलट्या क्रमाने आलेले तत्त्वज्ञान

पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा पाठ्यपुस्तकी क्रम ठरलेला आहे. इ.स.पू. सहाव्या शतकातला थेलीस, मग सॉक्रेटीस, प्लेटो, ॲरिस्टॉटल. मध्ययुगात चर्चच्या छत्राखालचे पंडित. 17व्या शतकात देकार्त, पुढे ह्यूम, कांट आणि 19व्या शतकात मिल-स्पेन्सर. महाराष्ट्रात मात्र ते बहुतांशी शेपटाकडून शिरले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेटिसाचे चरित्र 1852 मध्येच मराठीत आणले होते, पण त्या काळाला ओढ होती ती भोवतालच्या समाजाला लावून पाहता येतील अशा ताज्या विचारांची.

जोतीराव फुल्यांनी 1847च्या सुमारास टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले आणि 1888 मध्ये निघालेल्या ‘सुधारका’तून रूढीला बुद्धीच्या कसोटीवर उभे केले.

टिळकांची झटापट अधिक सविस्तर आहे. 1910-11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1915 मध्ये छापलेले ‘गीतारहस्य’ म्हणजे गीतेवरचे भाष्य खरेच. पण त्यात बेंथॅम, मिल, कांट, ग्रीन यांच्याशी केलेला वादही तितकाच भरघोस आहे. ज्याने जास्तीत जास्त लोक सुखी होतात ते कृत्य चांगले, हे मिलच्या पंथाचे सूत्र. टिळक त्यावर अमेरिकेतला एक दाखला देतात. शहरात ट्रामगाडी लवकर सुरू व्हावी म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम धावू लागली, सगळ्यांची सोय झाली, तरी पुढे खटला होऊन व्यवस्थापक दोषी ठरला. डोकी मोजून नीती ठरत असती तर त्याला शिक्षा कशाला झाली असती? कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असे सांगत टिळक कांटच्या बाजूला सरकतात. हा युक्तिवाद मिलवाद्यांना निरुत्तर करत नाही, कारण लाचखोरी माजली तर शेवटी तोटा बहुतेकांचाच होतो, असे ते म्हणू शकतात.

अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयाने 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या आंबेडकरांना जॉन ड्यूई गुरू म्हणून लाभले. फर्ग्युसन कॉलेजातल्या रा. द. रानड्यांनी हेराक्लिटससारख्या प्राचीन ग्रीकांवर लिहिले, तेही इंग्रजीत. सामान्य मराठी वाचकाला थेलीसपासून सुरू होणारी सलग कथा मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. ग. ना. जोशी यांचा ‘पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ 1970च्या दशकात तीन खंडांत आला. त्याच दशकात दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोशही निघाला.