लक्ष्मीबाई टिळक: पाच वर्षं न गेलेली बायको (एपिसोडचं लेखी रूप)

लोकलमध्ये रेंज जाते म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना मी सनावळीत दोनदा अडखळले होते, ते इथे नीट केलंय.

आधी एक खुलासा, नाहीतर मेसेज येणारच. लक्ष्मीबाई टिळक म्हणजे लोकमान्यांच्या पत्नी नव्हेत. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक, कवी, ज्यांना पुढे लोक रेव्हरंड टिळक म्हणायला लागले. आणि गंमत म्हणजे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई नवऱ्याला 'टिळक' असंच म्हणतात. 'आमचे हे' वगैरे नाही. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत, हे लक्षात ठेवून वाचा, मग त्यातली मजा कळते.

त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी एका साच्यात होते: नवऱ्याच्या पाठोपाठ गेलेली, धर्मही बदललेली, मुलाबाळांसाठी आणि चर्चसाठी आयुष्य वेचलेली साध्वी. यातलं घर, चर्च आणि मुलं सगळं खरं आहे. पण 'पाठोपाठ' हा शब्द मला अजिबात पटत नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई पाच वर्षं त्याच्या मागे गेली नाही. त्या पाच वर्षांवरच बोलूया.

थोडं मागे जायला हवं. जन्म 1868, नाशिकजवळचं जलालपूर, माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. 1857 च्या धामधुमीनंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती, आणि तेव्हापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. किती? तर मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची! (धुतल्यावर साखर किती उरत असेल, हा प्रश्न मला पडलाच.) लक्ष्मीबाई हे सगळं हसवत सांगतात, पण त्या घरातल्या बायकांचं काय होत असेल तेही ओळींमधून दिसत राहतं. तर अशा घरात वाढलेली मुलगी. 1880 मध्ये लग्न. नवरा बुद्धिमान, तापट, उधळ्या हाताचा आणि न सांगता घरातून निघून जाणारा. शाळा तिने पाहिलेली नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर.

1893 मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी धर्मावर गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. दोन वर्षं मनात घोळ चालला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा आपल्या माणसांत. मुलगा दत्तू जेमतेम तीन-चार वर्षांचा.

आता त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. नवरा जिवंत आहे, म्हणजे ती विधवा नाही. त्याच्याकडे जावं तर जात गेली, माहेर तुटलं. न जावं तर पोरासकट दुसऱ्यांच्या आधाराने राहायचं, आणि येणारा-जाणारा हळहळणार किंवा टोमणे मारणार.

इथे कायद्याचा एक मुद्दा आहे, तो फार कमी ठिकाणी सांगितला जातो. 1866 सालीच सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. एखादा माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने जोडीदार सहा महिने सोडून राहिला, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाता यायचं. न्यायाधीश जोडीदाराला विचारणार. नकार आला तर एक वर्ष थांबायचं, पुन्हा विचारायचं. तरीही नकार असेल तर लग्न मोडता यायचं आणि दोघांनाही पुन्हा लग्नाची मुभा. कागदावर दोघांनाही, पण ब्राह्मण घरातल्या टाकलेल्या बाईशी 1897 मध्ये लग्न करणार कोण, हे तुम्हीच सांगा. म्हणजे टिळकांच्या हातात सुटकेचा सरळ रस्ता होता. त्यांनी तो घेतला नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. टिळकांवर माझे बरेच आक्षेप आहेत, पण याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मधल्या काळात लक्ष्मीबाई पंढरपूरलाही राहिल्या. पुढे त्या नवऱ्याजवळ नगरकडे आल्या, पण आल्या आल्या ख्रिस्ती झाल्या असं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं तसंच. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण यात कुठलाही चमत्कार नाही. विचार पुढे सरकतो, हात मागे राहतो. मग एक दिवस त्या स्वतःशीच वाद घालतात: माणूस आणि जनावर हा भेद देवाने केलेला दिसतो, बाई आणि पुरुष हाही दिसतो, मग जात कुठे दिसते? देवाने केली असती तर डोळ्यांना दिसली असती. ती माणसाने केली. आणि त्या ठरवतात, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. मीठ धुणाऱ्या बापाची मुलगी!

नीट बघा, जात आधी सुटली आणि बाप्तिस्मा नंतर, 1900 च्या सुमारास.

पुढची वर्षं राहुरी आणि नगरची. घरात स्वतःची दोन मुलं, दत्तू आणि तारा, शिवाय शिकायला राहिलेली, पोरकी, कुणीतरी आणून सोडलेली पोरं. टिळक माणसं गोळा करून आणायचे आणि रात्रीच्या भाकरीचा हिशेब बाईंकडे. टिळक 'ज्ञानोदय'चे संपादक झाले, कविता लिहीत होते, कीर्तनं करत होते. पैसा टिकायचा नाही.

1919 मध्ये टिळक गेले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं, नंतर मुलाच्या संसाराबरोबर कराचीला गेल्या. येशूच्या चरित्रावरचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळक दहा-अकरा अध्यायांवर सोडून गेले होते. शाळेत न गेलेल्या या बाईने त्यात 64 अध्यायांची भर घातली.

आणि 'स्मृतिचित्रे' कशी झाली? मुलाला, म्हणजे देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्याने आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. म्हणजे ती खरं तर कच्ची टिपणं होती, दुसऱ्याच्या पुस्तकासाठी! आई बोलते तशीच लिहीत गेली, आणि मुलाच्या लक्षात आलं की पुस्तक हेच आहे. आधी 'संजीवनी' मासिकात आलं, 1934 पासून भाग पुस्तकरूपाने यायला लागले. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या वारल्या तेव्हा शेवटचा भाग अजून यायचा होता. तो देवदत्तने पुरा केला.

विजया मेहतांनी 1982 मध्ये यावर चित्रपट केला. सुहास जोशी त्यात लक्ष्मीबाई आहेत. इंग्रजीत वाचणाऱ्या मित्रांना शांता गोखल्यांचा अनुवाद द्या. मराठीत संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या आहेत, पण शक्य असेल तर पूर्ण पुस्तकच घ्या. छाटताना आधी बारीकसारीक प्रसंग जातात, आणि या बाईची सगळी गंमत त्यांतच आहे.

एपिसोडमध्ये साधारण बाराव्या मिनिटाला मिठाचा किस्सा आहे. तिथे मागून हसणारी माझी आई आहे, तिला रेकॉर्डिंग चालू आहे हे माहीत नव्हतं.