समुद्रात थर्मामीटर, पेरणी नाचणगावात



मृग लागला की नाचणगावच्या वावरात उभे राहून आपण आभाळाकडे बघतो. पण आपल्या पावसाची तयारी त्याआधी समुद्रात चाललेली असते. पुलगावजवळून वाहणारी वर्धा नदी पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रे त्याच उपसागरावर तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे येतात. आपल्या वावरातले पाणी जिथे जाते, तिथूनच आपला पुष्कळसा पाऊस येतो.

तेव्हा हा समुद्र किती तापला आहे, हे कळणे आपल्याच कामाचे. शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवून दिले, की समुद्राचे वरचे पाणी साधारण 28 अंश सेल्सिअसच्या वर असेल तरच त्यावर पावसाचे मोठे ढग जमायला अनुकूल स्थिती होते. नुसते पाणी तापले म्हणजे ढग येतीलच असे नाही. पण पाणी थंड असले तर आशा कमी. याच बाईंनी पुढे आंध्र-कर्नाटकातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर बसून भुईमुगाच्या पेरणीची योग्य वेळ अभ्यासली.

पण एवढ्या अफाट पाण्याचा ताप मोजायचा कसा? पूर्वी जहाजे जात तेवढ्याच वाटेवरची मोजणी होई. 1982 साली पॅसिफिक महासागर तापला, म्हणजे एल निनो आला, तेव्हा तो शास्त्रज्ञांनाही वेळेवर ओळखता आला नाही. आपल्याकडेही त्या वर्षी पावसाने दगा दिला. त्यानंतर पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या आसपास मोजणीची यंत्रे लावलेले सुमारे 70 बोये नांगरून ठेवण्यात आले. ते काम 1994 साली पुरे झाले.

पुढे त्याहून सुटसुटीत यंत्र आले. त्याचे नाव आर्गो. नळकांड्यासारखे दिसणारे हे यंत्र समुद्रात सोडले, की एक हजार मीटर खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहते. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येता येता पाण्याचे तापमान व खारटपणा मोजते. वर आले की उपग्रहाला खबर देते आणि पुन्हा बुडी मारते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तशी याला तेलाची पिशवी असते. यंत्रातले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की यंत्र वर येते, आत ओढले की खाली जाते. बॅटरी संपेपर्यंत चार-पाच वर्षे हे काम चालते. एका यंत्राला दोन-तीन ट्रॅक्टरांची किंमत पडते. तरी जहाज फिरवण्याच्या मानाने हे स्वस्तच. आज जगातल्या समुद्रांत अशी जवळजवळ चार हजार यंत्रे आहेत. भारताच्या यंत्रांची माहिती हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था सांभाळते, आणि ती कोणालाही फुकट मिळते.

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे बोयेही आपल्या समुद्रात उभे आहेत. त्यांच्या सौरपट्ट्या चोरीला जातात, जाळी अडकून यंत्रे मोडतात. बोया बंद पडला की त्या जागेची खबर तुटते. आपल्या राज्यात 'महावेध' योजनेखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. तुमच्या मंडळातल्या केंद्राला गुरे खेटणार नाहीत, पोरे दगड मारणार नाहीत, एवढे तरी आपण पाहावे.

एवढी मोजणी झाली, मग अंदाज खरा का ठरत नाही, असे तुम्ही विचाराल. 2023 सालचे पाहा. हवामान खात्याने देशभरात चार महिन्यांचा पाऊस 96 टक्के सांगितला होता, पडला 94 टक्के. बेरीज जवळपास जुळली. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. बेरजेने कपाशी जगत नाही. तिला वेळेवर पाणी लागते. समुद्रावरची यंत्रे हंगामाचा कल सांगतात. तुमच्या बांधावर किती पडला, ते तुम्हीच मोजायचे.

त्याला खर्च नाही. सरळ बाजूचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा घ्या. झाड आणि भिंत यांपासून दूर, मोकळ्या जागी पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, आत पट्टी उभी धरून पाणी मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला द्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे गणितही त्यांना करू द्या.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी खाते सांगते. पहिल्या सरीने माती ओली दिसते, शेजारी तिफण काढतो आणि आपलाही जीव राहत नाही. मग पाऊस दडी मारतो, आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते. म्हणून बियाण्याची थैली फोडण्याआधी वहीतली बेरीज बघा. ती 40 असेल, तर थैली बांधलेलीच राहू द्या.