तळे खोदले, पण कोणासाठी?

सिद्धेश्वर तळ्याची कथा सोलापुरात लहान पोरालाही ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत सहसा कोणी सांगत नाही. बाराव्या शतकात सोन्नलगीच्या, म्हणजे आजच्या सोलापूरच्या, सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून तळे खोदायला घेतले, गावाभोवती ६८ लिंगे स्थापली. एक दिवस तिथे लिंगायत संत अल्लमप्रभू आले. पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथातल्या कथेप्रमाणे त्यांनी एवढे मोठे काम पाहून कौतुकाचा शब्द काढला नाही. उलट, हा माती उपसणारा सिद्धराम कोण, अशा सुरात चौकशी केली. कामकऱ्यांनी दगड उचलले, सिद्धरामही संतापले. अल्लमांचा प्रश्न रोखठोक होता. तळे खोदणाऱ्याच्या मनात ‘हे मी केले’ एवढे शिल्लक असेल, तर त्या तळ्याने त्याला स्वतःला काय मिळाले? पुढे सिद्धराम कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंग दीक्षा घेतली. तळ्याने गावाची तहान भागवली, हे अल्लमांनीही नाकारले नसावे. त्यांना तळ्याची नव्हे, माणसाची परीक्षा घ्यायची होती.

त्याच शतकात हजारो कोसांवर फ्रान्समध्ये पिएर आबेलार (१०७९–११४२) नावाचा एक भांडकुदळ प्राध्यापक जवळपास हाच प्रश्न विचारत होता. एकाच्या गावाची दुसऱ्याला वार्ता असण्याचा प्रश्नच नव्हता. आबेलारच्या नीतिग्रंथाचे नाव ‘स्वतःला ओळख’ असे आहे, आणि त्यातले एक उदाहरण सोलापूरकराला तरी परके वाटू नये. दोन माणसे गरिबांसाठी घरे बांधायचे ठरवतात. तळमळ सारखी, तयारी सारखी. एकाची घरे उभी राहतात. दुसऱ्याने बाजूला काढलेला पैसा चोरीला जातो आणि वीटही चढत नाही. देवाच्या दरबारात दोघांचे पुण्य वेगळे का असावे? वेगळे मानले तर ज्याच्याकडे पैसा टिकला तोच अधिक पुण्यवान, असे म्हणावे लागेल. आबेलारला हे साफ नामंजूर होते. कृतीमुळे पुण्यात भर पडत नाही आणि पापातही पडत नाही, असे तो म्हणे.

हे म्हणणे त्या काळी किती धाडसी होते ते कळायला आधीची रीत पाहावी लागते. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठांमधून प्रायश्चित्तांच्या पोथ्या युरोपभर पसरल्या होत्या. अमुक अपराधाला इतके दिवस, तमुक अपराधाला इतकी वर्षे भाकरी आणि पाण्यावर राहायचे, असे ते दरपत्रकच होते. हेतूचा विचार त्यांत अगदीच नव्हता असे नाही. रागाच्या भरातला खून आणि चुकून झालेला मृत्यू यांत त्या फरक करत. पण तराजूत मुख्य वजन पडे ते घडलेल्या कृत्याचे.

आबेलारने तो तराजूच उलटा केला. वाईट इच्छा मनात येणे हे पाप नव्हे, वाईट कृत्य हातून घडणे हेही मुळात पाप नव्हे. पाप आहे ते मनाने दिलेल्या संमतीत. आपण हे करू नये, देवाला हे मान्य नाही, हे कळत असूनही माणूस आतून ‘होऊ दे’ म्हणतो, तो क्षण पापाचा. वासना उसळली आणि माणसाने तिला आवरले, तर तो पापी कसा? आवरायला काही होते म्हणून तर तो कौतुकाला पात्र.

त्याची दोन उदाहरणे मला फार महत्त्वाची वाटतात. एक गरीब आई. थंडीची रात्र, अंगावर पुरेसे कपडे नाहीत. तान्ह्या बाळाला ऊब मिळावी म्हणून ती त्याला छातीशी घेऊन निजते, डोळा लागतो आणि बाळ तिच्या अंगाखाली गुदमरते. तिच्या मनात मायेखेरीज काही नव्हते. तरी धर्मगुरू तिला जबर प्रायश्चित्त देतो. आबेलार धर्मगुरूला दोष देत नाही. ही शिक्षा तिच्या पापाची नव्हे, इतर आयांनी जपावे म्हणून आहे, असे तो सांगतो. माणसांना फक्त दिसणारे कळते, म्हणून माणसांचा न्याय बाहेरच्या कृत्यावर चालतो. अंतःकरण पाहण्याचे काम देवाचे. न्याय आणि नीती यांची ही फारकत मान्य करणे अवघड आहे, पण बाराव्या शतकात इतक्या प्रांजळपणे ती मांडलेली पाहून मी थक्क झालो.

दुसरे उदाहरण नोकराचे. धनी तलवार उपसून मागे लागलेला, नोकर पळता पळता कोंडीत सापडतो आणि जीव वाचवायला धन्याला मारतो. मारण्याची त्याला इच्छा नव्हती, इच्छा होती जगण्याची. तरी त्याने मारण्याला संमती दिली, म्हणून आबेलारच्या हिशेबी तो दोषी. इथे हा गृहस्थ फारच कठोर झाला, असे माझे मत.

या विचाराला खाजगी आयुष्याचीही झळ होती. आबेलार आणि त्याची विद्यार्थिनी एलोईझ यांच्या प्रेमाचा शेवट तिच्या नातलगांनी त्याला नपुंसक करण्यात झाला आणि दोघेही मठवासी झाली. पुढे मठाची प्रमुख झालेली एलोईझ पत्रांत त्याला हाच युक्तिवाद ऐकवते: अपराध मोजायचा तर घडलेल्या गोष्टीने नव्हे, करणाऱ्याच्या मनाने मोजावा, आणि माझे मन तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? तत्त्वज्ञानाच्या इतिहासात तिला गुरूची सावली म्हणून बसवतात, ते मला पटत नाही.

आबेलार अडला तो त्याच्याच तर्कात. येशूला क्रुसावर चढवणाऱ्यांनी आपण योग्यच करतो आहोत अशा प्रामाणिक समजुतीने ते केले असेल, तर त्यांना पापी म्हणता येईल का? आबेलार म्हणाला, त्या अर्थाने नाही. क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड त्याच्यावर तुटून पडला. साँस येथील धर्मसभेत त्याची जी मते निषिद्ध ठरली, त्यांत हेही होते. खरे तर आबेलारने पळवाट ठेवली नव्हती. हेतू केवळ चांगला वाटून चालत नाही, तो खरोखर चांगला असावा लागतो, असे त्याने स्पष्ट लिहिले होते. पण भांडणात एवढे कोण वाचतो!

त्या सभेनंतर ऐंशी वर्षांच्या आत चर्चचीच दिशा थोडी वळली. १२१५च्या चौथ्या लॅटरन सभेने प्रत्येक सज्ञान ख्रिश्चनाला वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले आणि धर्मगुरूने वैद्यासारखी पाप्याची आणि पापाची परिस्थिती विचारून घ्यावी, असे बजावले. दरपत्रकाची जागा चौकशीने घेतली.

मग आला संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४). आबेलारसारखा चटकदार नाही, पण पाय जमिनीवर. कृती चांगली की वाईट हे तीन गोष्टींवर ठरते, असे तो म्हणतो: ती कृती मुळात काय आहे, ती कशासाठी केली आणि कोणत्या परिस्थितीत केली. तिन्ही ठीक असतील तरच कृती ठीक. दान करण्यासाठी चोरी केली तर दानाने चोरी धुतली जात नाही. नावासाठी दान दिले तर दान नासते. मात्र उपासमारीने प्राण जायची वेळ आलेल्याने दुसऱ्याचे धान्य उचलले, तर थॉमस त्या कृत्याला चोरीच म्हणत नाही. सदसद्विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणे दोषच, हेही तो मानतो. पण जे कळायला हवे होते ते न कळण्याची सबब तो चालू देत नाही.

त्या नोकराला त्याने सोडवले. एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, त्यांतला एकच अभिप्रेत असतो. स्वतःचा जीव वाचवणे हा हेतू, हल्लेखोराचा मृत्यू हा सोबतचा परिणाम. अट एकच, बळ गरजेपुरते वापरावे. हाच विचार नंतर दुहेरी परिणामाचा सिद्धांत म्हणून प्रसिद्ध झाला. दुखण्याने तळमळणाऱ्या, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फिन किती द्यावे, ही चर्चा डॉक्टर आजही त्याच्या आधाराने करतात.

ही विचारसरणी मराठी मुलखाच्या दारात आली गोव्यामार्गे. १५७९ साली गोव्यात उतरलेले आणि १६१६ साली राचोलला मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापणारे फादर थॉमस स्टीफन्स जेझुइट संघाचे होते, आणि त्या संघाने धर्मशास्त्रात अक्वायनसलाच प्रमाण मानले होते.

कायद्याची वाट वेगळी. शपथेवर खोटे बोलणाऱ्याची जीभ मन अपराधी असेल तरच अपराधी, या अर्थाचे संत ऑगस्टीनचे वचन बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लिश कायदेसंग्रहात शिरले आणि ‘अपराधी मन’ ही कल्पना तिथे रुजली. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेतून ती आपल्याकडे आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. समजा, भवानी पेठेतल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये धोटा उडाला आणि शेजारच्या मागावरच्या कामगाराच्या डोळ्याला लागला. डोळा गेला तो गेलाच. पण कायदा विचारतो, मुद्दाम केले का? धोका ठाऊक होता का? माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने माग बिघडल्याचे सांगूनही मालकाने चालूच ठेवला का? पुरेशी काळजी घेऊन, कायदेशीर काम करताना, वाईट हेतूशिवाय झालेला अपघात हा गुन्हा नाही. स्वसंरक्षणातही गरजेपेक्षा जास्त इजा करायला मुभा नाही. थॉमसची अट वेगळ्या शब्दांत तिथे बसलेली आहे.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) अमेरिकेतल्या एका ट्रामवे कंपनीचे उदाहरण घेतले आहे. परवानगी लवकर मिळावी म्हणून तिच्या व्यवस्थापकाने लाच दिली, ट्राम झाली, शहराची सोय झाली, आणि नंतर लाच उघडकीला येऊन त्याला शिक्षा झाली. लोकांचे भले झाले एवढ्याने कृत्य नीतिमान ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, हा टिळकांचा मुद्दा अल्लमांना लगेच पटला असता.

मग तळे न खोदता आलेल्याचे काय? आबेलारचा जवाब वर आलाच. थॉमस त्याच्याशी अर्धा सहमत आहे: माणसाच्या हातात नसलेल्या कारणाने काम राहिले तर त्याचे पुण्य उणावत नाही. पण तो पुढे एक गोष्ट जोडतो, आणि मी त्याच्याच बाजूचा आहे. संधी आली की जी इच्छा कामाला लागत नाही, ती इच्छा पुरती नव्हतीच. चांगल्या हेतूचे भाषण करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला, संस्थाचालकाला आणि लेखकाला ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे.

आबेलारच्या ग्रंथाचा पहिला भाग पापावर आहे आणि तो पूर्ण आहे. दुसरा भाग सत्कर्मावर सुरू होतो, आणि थोड्याच मजकुरानंतर मध्येच तुटतो.