मार्गदर्शिका नवख्याच्या हाती देऊन तपासा

लिनक्सच्या संगणकावर घड्याळ बारा तासांचे दिसावे की चोवीस तासांचे, बॅटरीची टक्केवारी दिसावी की नको, अशा शेकडो बारीकसारीक निवडी कुठेतरी साठवाव्या लागतात. उबुंटू आणि फेडोरा यांत वापरल्या जाणाऱ्या ‘नोम’ डेस्कटॉपवर हा साठा ‘डीकॉन्फ’मध्ये असतो. तो बायनरी स्वरूपात असल्याने साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी ‘डीकॉन्फ एडिटर’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते सुरू केले की आधी इशारा येतो: काही पर्याय बदलल्यास प्रोग्रॅम बिघडू शकतात, जपून वापरा. ‘मी जपेन’ अशा अर्थाचे बटण दाबले की पुढे जाता येते. पण जपायचे म्हणजे काय करायचे आणि बिघडलेच तर मागे कसे यायचे, हे त्या इशाऱ्यातून समजत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमधली ही जुनी उणीव आहे. गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुरी किंवा कालबाह्य माहिती ही सर्वत्र आढळणारी अडचण असल्याचे सांगितले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मराठी माध्यमातून शिकून अभियांत्रिकीला आलेल्या मुलांना तर ती दुप्पट जाणवते. विषय नवा, भाषा इंग्रजी आणि त्यात समजावणे अर्धवट.

जाणकाराला काय दिसत नाही?

डीकॉन्फ एडिटरमध्ये ‘ऑर्ग’, ‘नोम’, ‘डेस्कटॉप’, ‘इंटरफेस’ अशा पायऱ्या उतरत गेले की ‘क्लॉक-फॉरमॅट’ ही नोंद सापडते. तिचा सारांश, वर्णन, मूल्याचा प्रकार आणि मूळ मूल्य तिथे दिसते. हे वर्णन एडिटर तयार करणाऱ्यांनी लिहिलेले नसते. सेटिंग ज्या प्रोग्रॅमची, त्याच्याच ‘स्कीमा’ फाइलमधून ते येते. एडिटर ते फक्त दाखवतो. म्हणून एका खिडकीत दिसणारी माहिती प्रत्यक्षात अनेक प्रकल्पांतल्या अनेक हातांनी लिहिलेली असते. काही वर्णने नेमकी असतात. काही ठिकाणी मात्र नोंदीचे नावच वाक्य करून पुन्हा सांगितलेले असते: अमुक दाखवावे की नाही. हे ‘अमुक’ म्हणजे काय, हा वाचणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो.

यामागे लिहिणाऱ्याचा आळस असतोच असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक प्रयोग केला. काहींनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्मी गाणी तरी सहज ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्यापर्यंत फक्त ठकठक पोहोचते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेही तेच होते. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसेल, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

आधी परतीची वाट

आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरॉल यांनी १९८० च्या दशकात वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्यांचे बारकाईने निरीक्षण केले. माणसे पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाहीत, थेट कामाला हात घालतात, चुकतात आणि त्या चुकीतून बाहेर पडण्यातच त्यांचा बराच वेळ जातो, असे त्यांना आढळले. मग त्यांनी आटोपशीर पुस्तिका तयार केली. तिच्यात प्रस्तावना कमी, करण्याजोग्या कृती जास्त, आणि चुकल्यावर काय करायचे तेही दिलेले. ती वापरणारे लवकर शिकले.

हे तत्त्व डीकॉन्फला लावून पाहा. ‘डीकॉन्फ रीसेट’ या आज्ञेला ‘-एफ’ जोडून पुढे नुसती तिरकी रेघ दिली, तर वापरकर्त्याने केलेले सगळे बदल एका फटक्यात पुसले जातात. एखाद्या मार्गदर्शिकेत ही आज्ञा आधी आणि ‘सावधान’ खालच्या परिच्छेदात असेल, तर घाईतला विद्यार्थी सावधानतेपर्यंत पोहोचण्याआधीच एंटर दाबून मोकळा होतो. चांगली मार्गदर्शिका आधी ‘डीकॉन्फ डंप’ वापरून सेटिंग्जची प्रत फाइलमध्ये काढायला सांगेल, मग ‘डीकॉन्फ लोड’ने ती परत कशी आणायची ते दाखवेल आणि त्यानंतरच बदलाकडे वळेल. एकच नोंद पूर्ववत करायची असेल तर एडिटरमधला ‘मूळ मूल्य वापरा’ हा पर्याय पुरतो, हेही ती सांगेल.

नवख्याची कसोटी

लिहिलेले समजते की नाही, हे तपासायची पक्की रीत आपल्याच राज्यात रुळली आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस अशा मुक्त सॉफ्टवेअरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. त्यांतले अनेक मराठीतही आहेत. धड्याची संहिता आधी विषयाचा जाणकार तपासतो. त्यानंतर, ध्वनिमुद्रणाआधी, ती विषयाची ओळख नसलेल्या माणसाच्या हाती जाते. तो वाचत वाचत प्रत्येक पायरी करून पाहतो. जिथे अडतो तिथे संहिता दुरुस्त होते. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर ठेवून सोबतच करून बघायचे, अशी धड्यांची आखणीही आहे. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचे संशोधन याला पूरक आहे. समजून घेताना माणसाची कार्यस्मृती फार थोडे पेलते. सूचना एकीकडे आणि काम दुसरीकडे असले की तीही त्यांची सांगड घालण्यात खर्ची पडते.

ही कसोटी खर्चिक नाही. जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार सर्वसाधारणपणे पाच जणांकडून तपासून घेतले तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पाच नवखे विद्यार्थी कुठल्याही महाविद्यालयात मिळतील.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावायचा म्हणजे आधी कोडिंग पक्के हवे, असे वाटत असते. मार्गदर्शिकेच्या बाबतीत उलट आहे: त्यांचे नवखेपण हीच त्यांची पात्रता, आणि ती फार दिवस टिकत नाही. सरावलेल्या माणसाला आपण कुठे अडलो होतो ते आठवत नाही. म्हणून अडल्याबरोबर लिहून ठेवावे: काय करायचे होते, काय वाचले, काय केले, काय झाले. त्या चार ओळी नोमच्या गिटलॅबवर संबंधित प्रकल्पाकडे पाठवता येतात. वर्णन तोकडे असेल तर स्कीमा फाइलमधले वाक्य सुधारूनही देता येते. ते स्वीकारले गेले की जगभरच्या वापरकर्त्यांना दिसते, आणि त्याचे मराठी भाषांतर करण्याचे काम पुढे आहेच. प्राध्यापकांनी असे एक सुधारलेले वर्णन प्रात्यक्षिकाच्या वहीत धरले, तर सातारा-सांगलीच्या प्रयोगशाळांतून दरवर्षी मार्गदर्शिकांचे नवे परीक्षक आणि लेखक तयार होतील.