पंख्यावरची धूळ

दर शनिवारी आमच्या डॉर्मिटरीचं इन्स्पेक्शन असतं. त्या दिवशी बूट चमकत होते, चादरीवर एकही सुरकुती नव्हती, लॉकर नीट लावलेलं होतं. तरी हाऊस मास्टर सर स्टुलावर चढले, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. त्या आठवड्यात पंख्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. माझा खेळाचा तास पंखे पुसण्यात गेला.

पुसता पुसता एक प्रश्न पडला. पंखा दिवसरात्र फिरतो. मोठ्या पंख्याच्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी ७० ते ८० किलोमीटर भरतो. त्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद उडतात, मग खुद्द पात्यावरची धूळ का उडत नाही?

सोमवारी फिजिक्सच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. धुळीला वारा लागतच नाही." मग त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला : सीमास्तर, म्हणजेच बाउंडरी लेयर.

मित्रांनो, हा सीमास्तर मी लहानपणापासून पाहत होतो, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. आमचं गाव कृष्णेच्या काठी आहे. पावसाळ्यात नदीच्या मध्यातून ओंडके वेगाने वाहत जातात, पण काठालगतचा पालापाचोळा जागच्या जागी रेंगाळत असतो. प्रवाहाविरुद्ध जाताना नाव काठाकाठाने नेतात ती यामुळेच. हवा असो वा पाणी, घन पृष्ठभागाला टेकलेला थर त्या पृष्ठभागाला धरून राहतो. त्याच्या वरचा थर थोडा सरकतो, त्यावरचा आणखी थोडा. असं करत करत आपण मोकळ्या प्रवाहाच्या पूर्ण वेगापर्यंत पोचतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा हा पातळ पट्टा म्हणजे सीमास्तर. थर एकमेकांना मागे ओढतात, कारण प्रत्येक द्रवाला आणि वायूला कमीअधिक चिकटपणा असतो. त्याला श्यानता म्हणतात. मधाची श्यानता जास्त, हवेची फारच कमी.

प्रवाह शांत असेल तर पुढच्या कडेपासून चौपट अंतरावर सीमास्तराची जाडी दुप्पट होते, आणि वेग चौपट केला तर जाडी निम्मी होते. सरांच्या मदतीने मी पंख्याचं गणित मांडलं. पात्याच्या मधल्या भागात वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर पुढच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर सीमास्तर साधारण २ मिलिमीटर जाड होतो. धुळीचा बारीक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. त्या उंचीवर वारा मूळ वेगाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो. म्हणजे धूळ भर वादळात तंबू ठोकून आरामात बसलेली असते!

एवढ्या पातळ थराचं महत्त्व बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अठराव्या शतकात दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाने हवेची श्यानता सोडून देऊन गणित केलं, तर वस्तूला हवेचा विरोध शून्य, असं उत्तर आलं. गणित बरोबर होतं, पण सायकल चालवणाऱ्या कुणालाही पटणार नाही असं ते उत्तर होतं. कोडं सुटलं ते ऑगस्ट १९०४ मध्ये. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गणित परिषदेत २९ वर्षांच्या लुडविग प्रांटल यांनी छोटासा निबंध वाचला. हाताने चाक फिरवून पाणी वाहतं ठेवायच्या साध्या यंत्रावर त्यांनी प्रयोग केले होते. त्यांचं म्हणणं असं : दूरच्या प्रवाहात श्यानता विसरलात तरी चालेल, पण पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात ती विसरू नका. सगळा घोळ तिथेच आहे.

घोळ कसा होतो, ते क्रॉस-कंट्रीच्या उदाहरणाने सांगतो. गोल वस्तूवरून किंवा विमानाच्या पंखावरून जाताना हवेला आधी कमी होत जाणारा दाब मिळतो, म्हणजे जणू उतार. नंतर मागच्या बाजूला दाब वाढत जातो, म्हणजे चढ. बाहेरची वेगवान हवा तो चढ पार करते. सीमास्तरातली हवा मात्र घर्षणाने आधीच दमलेली असते. ती चढावर थांबते, उलटी फिरते आणि मुख्य प्रवाह पृष्ठभाग सोडून देतो. याला विलगन म्हणतात. मागे भोवऱ्यांची रुंद शेपूट तयार होते आणि विरोध खूप वाढतो.

उपाय गमतीदार आहे. सीमास्तर शांत न ठेवता मुद्दाम खवळवायचा. खवळलेल्या थरात बाहेरची वेगवान हवा आत मिसळते, जशी दमलेल्या कॅडेटला पुढचा गडी हात देऊन चढावर ओढतो. म्हणून गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात आणि तो गुळगुळीत चेंडूपेक्षा खूप लांब जातो. क्रिकेटमध्ये तिरकी धरलेली शिवण एका बाजूचा सीमास्तर खवळवते. त्या बाजूला विलगन उशिरा होतं, दुसऱ्या बाजूला लवकर, आणि चेंडू शिवणीच्या दिशेने स्विंग होतो.

आता मूळ मुद्दा. पंखाचा हवेशी असलेला कोन वाढवला की त्याला वर उचलणारं बल वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच. साध्या पंखाच्या बाबतीत ती मर्यादा साधारण १५ अंश असते. त्यापुढे चढ इतका उभा होतो की वरच्या बाजूची हवा पंख सोडून देते. हाच स्टॉल. यात इंजिन बंद पडत नाही, ते जोरात चालू असतानाही स्टॉल होतो.

आमच्या एरोमॉडेलिंग क्लबमध्ये आम्ही तिघांनी आठ आठवडे खपून बाल्सा लाकडाचं विमान बनवलं होतं. पहिल्या उड्डाणात रिमोट माझ्या हातात होता. उतरताना विमान खाली बसू लागलं, म्हणून मी काडी मागे ओढून नाक वर केलं. उस्ताद ओरडले, "नोज डाऊन! नोज डाऊन!" मला वाटलं, विमान पडतंय आणि हे आणखी खाली करायला सांगतायत? मी आणखी ओढलं. एक पंख कलला आणि विमान मैदानात आपटून फुटलं. दोन्ही मित्र काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

उस्तादांचं बरोबर होतं. नाक खाली केलं की कोन कमी होतो, हवा पुन्हा पंखाला धरते आणि मगच विमान वर नेता येतं. मोठ्या विमानातही हीच चूक होते. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या विमानाचे वेग मोजणारे सेन्सर बर्फाने तुंबले. त्या गोंधळात नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉलमध्ये गेलं. इंजिनं चालू होती, तरी ते सुमारे साडेतीन मिनिटं खाली येत राहिलं आणि अटलांटिक महासागरात कोसळलं. विमानातले सर्व २२८ जण गेले. शेवटपर्यंत बहुतेक वेळ नाक वरच ओढलेलं होतं.

मला हवाई दलात जायचं आहे. घाबरल्यावर हात आपोआप मागे ओढला जातो, हे मला आता माहीत आहे, आणि तो पुढे का न्यायचा हेही. हा धडा मला बाल्साच्या चार पट्ट्यांच्या किमतीत मिळाला. आम्ही दुसरं विमान बांधायला घेतलं आहे. मित्रांनी रिमोट पुन्हा माझ्याच हातात द्यायचं ठरवलंय.

पंखे मात्र आता मी शुक्रवारी रात्रीच पुसतो. वाऱ्याच्या भरवशावर राहून उपयोग नाही.