अभनपूरचं धान आणि जिनिव्हाचं गणित

छत्तीसगडमध्ये रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की अभनपूर येतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत इथल्या सहकारी सोसायट्यांच्या आवारात धानाच्या राशी पडतात. टोकन मिळालेला शेतकरी ट्रॉली घेऊन येतो. मूठभर दाणे यंत्रात घालून ओलावा बघतात. तो 17 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत वाळवायचा. मग 40-40 किलोचे कट्टे भरून काट्यावर चढतात. या काट्यावरच्या आकड्याचा हिशेब स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात द्यावा लागतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

1995 मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. तिच्या शेती करारात ठरलं की सरकारने हमीभावाने धान्य घेतलं, तर हमीभाव आणि एक ठरावीक 'संदर्भ किंमत' यांतला फरक अनुदान धरायचा. विकसनशील देशांत हे अनुदान त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नये. इथवर ठीक. पण संदर्भ किंमत कोणत्या काळची? 1986-88 ची! भारतीय तांदळासाठी ती टनाला 262.51 डॉलर. तेव्हापासून डिझेल, खत, मजुरी सगळं कुठल्या कुठे गेलं, हमीभाव दरवर्षी वाढला, आणि ती किंमत मात्र तिथेच थिजून राहिली. त्यामुळे भाववाढीचा मोठा वाटा कागदावर 'अनुदान' म्हणून फुगतो. 2018-19 साठी भारताने स्वतःच कळवलं: 43.67 अब्ज डॉलरच्या तांदळावर 5 अब्जांचं अनुदान, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. मर्यादा ओलांडली गेली. 2013 च्या बाली परिषदेतलं 'शांतता कलम' होतं म्हणून कोणी दावा लावू शकलं नाही. या कलमाचा आधार घेणारा भारत हा पहिला देश.

छत्तीसगडमध्ये तर केंद्राच्या भावावर राज्याची भर पडते. 2024-25 मध्ये साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. राज्याने एकरी 21 क्विंटलपर्यंत 3,100 रुपयांनी पैसे दिले. त्या हंगामात सुमारे 149 लाख टन धान घेतलं गेलं.

या खरेदीचा तांदूळ पुढे रेशनवर जातो, आणि तिथलं संशोधन मला सगळ्यात आशादायक वाटतं. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी सरकारी पाहणीच्या आकड्यांवरून गळती मोजली. 2004-05 मध्ये छत्तीसगडचं निम्मं रेशनधान्य वाटेतच नाहीसं होत होतं. 2011-12 पर्यंत ही गळती दहा टक्क्यांच्या आसपास आली. राज्याने खाजगी दुकानदारांकडून दुकानं काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सोसायट्यांकडे दिली होती.

आता दुसरी बाजू. तांदळाच्या जागतिक व्यापारात भारताचा वाटा 40 टक्क्यांच्या घरात आहे. 20 जुलै 2023 ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि जगात तांदळाचे भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेले. झळ बसली ती आयातीवर जगणाऱ्या गरीब देशांना. विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थतज्ज्ञांनी 2006-08 च्या महागाईचा अभ्यास करून दाखवलंय की तेव्हाच्या तांदळाच्या भाववाढीतला सुमारे 45 टक्के हिस्सा देशोदेशींच्या सरकारांनी आपली बाजारपेठ जगापासून तोडल्यामुळे आला. दुष्काळ आणि महाग तेल यांच्यावर सारं खापर फोडून चालणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. संदर्भ किंमत आजच्या भावाशी जोडलीच पाहिजे, आणि भारतानेही निर्यातबंदी रातोरात लादणं सोडलं पाहिजे. सरकारी साठ्याच्या प्रश्नावर 2017 पर्यंत कायमचा तोडगा काढू, असं बालीत ठरलं होतं. 2024 च्या अबुधाबी परिषदेतही तो निघाला नाही.