टिग वेल्डिंग घरी शिकताना: भीती कशाची धरावी, कशाची नाही

‘आधी चार-पाच वर्षे रॉड मार, हात बसू दे, मग आर्गनला हात लाव.’ घरच्या गॅरेजमध्ये किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टिग वेल्डिंग शिकू पाहणाऱ्याला फॅब्रिकेशनच्या दुकानात हा सल्ला हमखास मिळतो. हेतू चांगला असतो, पण त्यामागची समजूत तपासण्यासारखी आहे. रॉड वेल्डिंगमध्ये आर्क पेटवायचा, जळत आखूड होणारी रॉड सांभाळायची आणि स्लॅगखाली धातू नेमका कुठे आहे हेही ओळखायचे, अशी सगळी कामे एकदम अंगावर येतात. टिगमध्ये टंगस्टन जळून संपत नाही, स्लॅग नसतो, ठिणग्या जवळजवळ उडत नाहीत. वितळलेल्या धातूचे डबके समोर लख्ख दिसते. धातू कसा वितळतो, कसा वाहतो हे समजून घ्यायला याहून चांगली खिडकी नाही. अवघड असते ते एका हाताने टॉर्च स्थिर धरून दुसऱ्या हाताने फिलर देणे, आणि ते सरावाने येते. आयटीआयमध्ये आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्याला वेल्डर ट्रेडला प्रवेश मिळतो आणि तो अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो.

सुरुवात फिलरशिवाय करावी. दोन-तीन मिलिमीटर जाडीची एमएसची पट्टी, १.६ मिलिमीटरचा टंगस्टन, आणि दर मिलिमीटर जाडीला साधारण चाळीस अँपिअर या ठोकताळ्याने करंट. टॉर्च उभ्या रेषेपासून दहा-पंधरा अंश कलती. टंगस्टनचे टोक आणि पट्टी यांत टंगस्टनच्या जाडीएवढेच अंतर. आर्क पेटला की लगेच पुढे सरकायचे नाही. आधी पृष्ठभाग चमकतो, मग ओलसर दिसतो, मग पाच-सहा मिलिमीटर रुंदीचे गोल डबके तयार होते. ते तेवढेच ठेवून पट्टीच्या टोकापर्यंत नेता आले, की मगच डाव्या हातात वायर घ्यावी. टंगस्टन डबक्यात बुडला तर थांबून पुन्हा घासावा, आणि घासल्याच्या रेघा टंगस्टनच्या लांबीच्या दिशेने याव्यात. आडव्या रेघांमुळे आर्क भरकटतो.

‘घरी थ्री-फेज नाही, मग मशीन चालणार कसे?’ हा प्रश्न जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या काळातला आहे. टिगमध्ये शंभर अँपिअरला आर्कचे व्होल्टेज साधारण १४ असते, म्हणजे आर्कमध्ये खर्च होते ती सुमारे १.४ किलोवॅट वीज. तेवढ्याच करंटला रॉड वेल्डिंगसाठी साधारण २४ व्होल्ट लागतात. मशीनमधली तूट धरूनही आजचे इन्व्हर्टर टिग मशीन २३० व्होल्टच्या लाइनवरून या कामासाठी दहा-बारा अँपिअर ओढेल. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, पुरेशा जाडीची वायर, योग्य एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग एवढे मात्र हवेच. मशीनवर लिहिलेली ड्यूटी सायकलही वाचावी: १६० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे आर्क, उरलेली चार विश्रांती.

गॅसबद्दलचे गैरसमज खिशाला चाट लावतात. बीडला बारीक भोके पडू लागली की नवखा माणूस फ्लोमीटर आणखी उघडतो. पण ठरावीक मर्यादेपुढे आर्गनचा प्रवाह खळाळतो आणि आजूबाजूची हवा आत ओढतो, त्यामुळे भोके वाढतात. लहान कपला मिनिटाला सहा ते दहा लिटर पुरतात. त्या वेळी पंखा अंगावर सुरू असेल तर मात्र कितीही गॅस अपुराच. ‘को-टूचा सिलिंडर आहे, तोच लावू’ हेही चालत नाही, कारण आर्कमध्ये कार्बन डायऑक्साइड फुटून ऑक्सिजन मोकळा होतो आणि तापलेला टंगस्टन पाहता पाहता जळतो. टिगला शुद्ध आर्गनच लागतो. हवेत तो जेमतेम ०.९३ टक्के असतो, वेगळा काढावा लागतो, म्हणून महाग. तरी सात घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला आठ लिटरने साडेचौदा तासांच्या आसपास पुरतो, आणि तेही फक्त आर्क पेटलेला असतानाचे तास.

मशीन बदलून न सुटणारी गोष्ट म्हणजे धातूची स्वच्छता. बहुतेक नवख्यांची पहिली निराशा इथेच होते. रॉडवरच्या आवरणातला फ्लक्स थोडाफार गंज आणि मळ पचवतो. टिगमध्ये फ्लक्स नसतो, त्यामुळे पट्टीवरचे तेल, रंग, गंज आणि रोलिंग मिलमधून आलेली निळसर-काळी पपडी थेट डबक्यात उतरते. फ्लॅप डिस्कने जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा धातू चकचकीत होईपर्यंत घासावा, मग ॲसिटोनने पुसून पूर्ण वाळू द्यावा. फिलर वायरही पुसावी. स्टेनलेससाठीचा वायर ब्रश वेगळा ठेवावा. जीआय पाइपवर हात बसवणे तर टाळावेच: जस्त ९०७ अंशांना उकळते, पोलाद वितळते पंधराशेच्या आसपास. जस्ताची वाफ बीड बिघडवते आणि छातीत गेली तर त्याच दिवशी थंडीताप आणते.

पुसण्यासाठी मिळेल तो क्लीनर वापरणे मात्र जिवावर बेतू शकते. काही ब्रेक क्लीनर आणि डिग्रीजर क्लोरीनयुक्त असतात. त्यांची वाफ आर्कच्या अतिनील किरणांत सापडली की फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि पहिल्या महायुद्धात हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला होता. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय तो वर्कशॉपमध्ये आणूच नये.

स्टेनलेसच्या जोडावर निळे-जांभळे इंद्रधनुष्य उमटले की फोटो काढावासा वाटतो. फिकट सोनेरी छटा चालण्यासारखी असते. निळा रंग मात्र सांगतो, की धातू फार वेळ तापलेला राहिला किंवा थंड होण्याआधीच आर्गनचे छत्र हलले. राखाडी रंग म्हणजे त्याहून वाईट. रंगाच्या थराखालच्या धातूत क्रोमियम कमी झालेले असते आणि तिथून गंज सुरू होऊ शकतो. दुधाच्या पाइपलाइनमध्ये हे परवडत नाही, म्हणून तिथे पाइपच्या आतही आर्गन भरतात. नळीच्या आतल्या बाजूला कोणती छटा उमटली आहे हे ताडून पाहता यावे, यासाठी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने रंगछटांची नमुनापट्टीच प्रसिद्ध केली आहे. टायटॅनियमच्या बाबतीत नियम आणखी कडक. तिथे चांदीसारखी चमक हवी. घरी उपाय सोपा आहे: करंट कमी, हात थोडा जलद, आणि आर्क विझल्यावर गॅस थांबेपर्यंत टॉर्च जागेवरून न हलवणे.

टिग म्हणजे ॲल्युमिनियम, असेही अनेकांना वाटते. या पद्धतीचा जन्म खरोखर हलक्या धातूंसाठी झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथने मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टन आणि हेलियम वापरले आणि १९४२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पण शिकण्याची सुरुवात ॲल्युमिनियमने करू नये. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांवर वितळतो आणि आतला धातू ६६० अंशांवरच. तो थर फोडायला एसी करंट लागतो, आणि स्वस्त मशीन बहुधा फक्त डीसी असते. खरेदीआधी हे विचारावे.

डोळ्यांबद्दल एक जुनी अफवा अजून ऐकू येते: कॉन्टॅक्ट लेन्स घालून आर्क पाहिला तर लेन्स बुबुळाला चिकटते. असे होत नाही. खरा धोका उघड्या डोळ्यांवर पडणाऱ्या अतिनील किरणांचा. त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. बटाट्याच्या कापांनी गारवा मिळेल, उपचार होणार नाही. दुधाचे थेंब तर घालूच नयेत, जंतुसंसर्ग होऊ शकतो. नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मानांकित ऑटो-डार्क हेल्मेटची काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवते. शंभर अँपिअरला साधारण १० क्रमांकाची छटा ठेवावी. मान, मनगट आणि उघडा गळाही झाकावा, कारण टिगच्या आर्कपुढे धुराचा पडदा नसतो आणि कातडी लवकर भाजते.

धूर कमी म्हणजे धोका नाही, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. काम झाल्यावर गूळ खाण्याची रीत आहे. ती सुखाने पाळावी, पण गूळ वायुवीजनाची जागा घेत नाही. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सारी थोरियम असते, त्याची धूळ श्वासातून जाऊ नये. घरी सोनेरी किंवा निळ्या टोकाचा लँथेनमयुक्त टंगस्टन घ्यावा. आर्गन हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो ऑक्सिजनला बाजूला सारतो आणि कळतही नाही. दार उघडे, सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला.

टिगचा जोड सगळ्यांत मजबूत, हा गैरसमज त्यातल्या त्यात सभ्य, पण नुकसान करणारा. साध्या बांधकामी पोलादाची ताणशक्ती साधारण ४१० मेगापास्कल, ६०१३ रॉडच्या धातूची किमान ४१५ च्या आसपास, टिगच्या ईआर-७०एस-२ वायरची सुमारे ४८०. नीट वितळून एकजीव झालेला जोड रॉडचाही टिकतो. सुबक खवल्यांचा टिग जोड मुळाशी वितळलेलाच नसेल तर सहज उघडतो. हे घरीच तपासता येते. दोन पट्ट्या उलट्या ‘टी’ आकारात उभ्या-आडव्या ठेवून एकाच बाजूने वेल्ड करावे, गार झाल्यावर आडवी पट्टी व्हाइसमध्ये पकडावी आणि चष्मा लावून उभ्या पट्टीवर वेल्ड नसलेल्या बाजूने हातोडा मारावा. पट्टी जोडावर दुमडून आडवी झाली तरी जोड न तुटला तर उत्तम. तुटलाच तर कोपऱ्याच्या मुळाशी निरखून पाहावे. ग्राइंडिंगच्या रेघा तिथे जशाच्या तशा दिसल्या, तर त्या जागी धातू वितळलाच नव्हता. करंट दहा अँपिअरने वाढवावा, आर्क आखूड धरावा आणि नव्या पट्ट्या कापाव्यात.